बरे करू नयेत असे रोग

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम 1954 साली आला. कोणते रोग बरे करण्याची जाहिरात करू नये, याची 54 नोंदींची यादी त्याला जोडलेली आहे: मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा; इतकेच काय, माणसाची उंचीसुद्धा. जाहिरातदार ही यादी मागणीपत्रासारखी वाचतात. ताईत, मंत्र आणि कवच हेही कायद्याने ‘जादुई उपाय’ ठरवले, पण त्यामुळे त्यांचा बाजार उठल्याचे दिसत नाही.

2018 मध्ये औषध नियमावलीत नियम 170 आला. आयुर्वेदिक, सिद्ध किंवा युनानी औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची झाली. ऑगस्ट 2023 मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना कळवले, की या नियमाखाली कारवाई करू नका. जुलै 2024 मध्ये नियमच वगळला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ती स्थगितीही उठली. रोग्यापेक्षा नियमाचीच प्रकृती नाजूक म्हणायची.

दरम्यान एप्रिल 2024 मध्ये पतंजली या आयुर्वेदिक कंपनीने आपल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 67 वर्तमानपत्रांत माफी छापली. माफीचा आकार जाहिरातींएवढाच आहे का, असे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी विचारले. दुसऱ्याच दिवशी माफी वाढली. हा खर्च लाखोंत जातो, असे वकिलांनी न्यायालयात सांगितले. वर्तमानपत्रांनी मात्र त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.