सर्व्हरवाले तात्या

निवृत्तीनंतर कुणी बाग करतो, कुणी सोसायटीशी भांडतो. हल्ली तिसरा प्रकार निघालाय: सर्व्हर भाड्याने घेणारे. कृष्णराजनगरचे आमचे तात्या त्यांतले मुकुटमणी. गणिताचे मास्तर, घराण्याचा कुळवृत्तांत वेबसाइटवर चढवायचा ध्यास. त्यासाठी घेतलेल्या सर्व्हरला ते 'आपली बेंगळुरूची जागा' म्हणतात.

या जागेत शिरायचं एसएसएचने. तात्या दारातच अडले. अनोळखी यंत्राशी खरंच जोडायचं का, या प्रश्नाला त्यांनी नुसतं 'वाय' दाबलं. एसएसएचने बजावलं, पूर्ण 'येस' लिहा. तात्या खूश! 'शिस्तीचा दिसतोय.' मग पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटेना, तेव्हा त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. मागे उभं राहून कुणी अक्षरं मोजू नयेत म्हणून ही सोय असते. मागे काकू होत्या, चहा घेऊन.

पुण्याच्या भाच्याने 'सुडो'चे, म्हणजे मालकाचे, अधिकार दिले आणि अनर्थ झाला. दिवा मालवल्याशिवाय न झोपणारा माणूस! रात्री दहाला त्यांनी इमानेइतबारे 'सुडो पॉवरऑफ' लिहिलं. सकाळी कितीही हाका मारा, बंद यंत्रात एसएसएच ऐकणार कोण? सर्व्हर पुन्हा चालू होणार कंपनीच्या पॅनेलवरून, आणि त्याचा पासवर्ड भाच्याकडे. बंद सर्व्हरचंही भाडं चालूच राहतं हे कळल्यावर तर तात्यांची दुपारची झोपही गेली.

ज्ञानदान मात्र अखंड. जुनं एडतोरे कावेरीच्या पुरात सापडलं, म्हणून नवं गाव, म्हणजेच कृष्णराजनगर, वसवलं आणि त्याला चौथ्या कृष्णराज वडियारांचं नाव दिलं. 'याला म्हणतात बॅकअप!' असं ते पाहुण्यांना ऐकवतात. कुळवृत्तांताची दुसरी प्रत अजून कुठेही नाही. (मास्तरांचा गृहपाठ कोण तपासणार?)

इकडे वीज गेली की राउटर बंद, जोडणी तुटते आणि तिकडे चाललेली कमांड अर्ध्यात मरते. शेवटी भाच्याने फोनवर टीमक्स शिकवलं: काम सर्व्हरवर चालू ठेवून बाहेर पडायचं, हवं तेव्हा परत जाऊन बघायचं. तात्यांनी लगेच स्वयंपाकघरात जाऊन वर्दी दिली, 'आता मी तिथे नसलो तरी काम चालू राहतं.'

'अहो, मग बसलात कशाला?' काकूंनी डबा पुढे केला. 'गिरणीतून दळण घेऊन या.'