स्लो मोशन रिप्लेसाहेबांस खुले पत्र

मा. स्लो मोशन रिप्लेसाहेब यांस,


आपण आमच्या नाचणगावात मुक्कामाला आलात आणि गावातली पंचांची टंचाई कायमची मिटली. आता पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता माणूस थेट लाल कार्ड देतो. शिटी नको, नियमांचं पुस्तक नको, नव्वद मिनिटं धावणं तर मुळीच नको.

२० डिसेंबर २०२३ ची रात्र आपणास आठवत असेलच. अंधेरीचं मैदान, आयएसएल फुटबॉलचा सामना, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. तेराव्या मिनिटाला आकाश मिश्राने मनवीर सिंगला टॅकल केलं आणि पंचांनी सरळ लाल कार्ड काढलं. तिथे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारं व्हीएआर नव्हतं. पंचांना जे काही दिसलं ते एकदाच, तेही पळता पळता. आम्हाला मात्र आपली कृपा लाभलेली! ठेल्यावरच्या मोबाइलवर अंगठ्याने क्लिप मागे ओढली की पडलेला माणूस उभा राहतो, पाय आल्या वाटेने परत जातो, आणि अंगठा सुटला की पुन्हा सगळं सावकाश घडतं. चार-पाच फेऱ्या झाल्यावर एकाचा निकाल आला, "हा त मुद्दामच हाणला ना बे!" त्याच्याच खांद्यावरून डोकावणारा म्हणाला, "काऊन मुद्दाम? बॉलसाठीच गेलता तो!" क्लिप एकच, थांबवलेलं चित्रही एकच.

आपली करामत हीच. अर्ध्या सेकंदाची धडक आपण पाच सेकंदांची करता आणि बघणाऱ्याला वाटतं, खेळाडूने तेवढा वेळ बसून बेत आखला असणार. २०१८ साली युरोपातल्या नामांकित पंचांना फाउलच्या क्लिपा दाखवून अभ्यास झाला. सावकाश दाखवल्यावर त्या कसलेल्या पंचांचा हातही लाल कार्डाकडे जास्त वळला. मग ठेल्यावरच्या पंचांचं काय घेऊन बसलात? गंमत अशी, की टॅकलच्या बाबतीत फुटबॉलचा बारावा नियम 'मुद्दाम केलं का' हे विचारतच नाही. समोरच्याच्या सुरक्षिततेला धोका झाला का, बळ अति वापरलं का, एवढंच बघतो. आणि जोर किती होता हे ठरवताना नेहमीच्याच वेगाने बघा, स्लो मोशन पाय नेमका कुठे लागला एवढ्यापुरतं, असं व्हीएआरच्या नियमावलीतच सांगितलं आहे. म्हणजे ज्या कामाला आपल्याला मज्जाव आहे, तेच आपण आमच्या गावात राजरोस करता. धन्य आहात!

त्या रात्री सात जणांना लाल कार्ड मिळालं, चार मुंबईचे आणि तीन बागानचे. मुंबईचा राहुल भेके त्यात, बागानचा लिस्टन कोलासोही त्यात. शेवटची शिटी झाली तरी कार्डं निघतच होती. सातही बरोबर होती असं मी म्हणणार नाही. गोष्ट सातापर्यंत जाते तेव्हा सामना पंचांच्या हातून निसटलेलाच असतो. पण मुंबईने तेराव्या मिनिटापासून माणसं गमावत, एका गोलाने मागे पडून, सामना २-१ ने काढला. आमच्या ठेल्यावर त्या दोन गोलांबद्दल चकार शब्द निघाला नाही. बिपिन सिंगचा विजयी गोल कोणी मागे ओढून पाहिल्याचंही ऐकिवात नाही. आपल्याला गोलात रस कमी, घोट्यात जास्त.

म्हणून एक विनंती आहे. गावच्या मैदानावर सामने होतील तेव्हा चुन्याच्या रेषेबाहेर मोबाइल धरलेले हात उभे असतीलच, आणि पंच असेल आपल्यातलाच कोणी तरी, स्वतःच्या पैशाने बूट घेतलेला. तिथे यायचंच असेल तर खुशाल या, फक्त फाउलची क्लिप नेहमीच्या वेगाने दाखवा. सावकाश काही दाखवायचंच झालं, तर शिटी वाजवण्याआधीचा पंचाचा चेहरा दाखवा आणि त्याला किती वेळ मिळाला होता, तेही खाली आकड्यांत मोजून दाखवा.

आपला नम्र,
पानठेल्यावरचा एक बिनशिटीचा पंच, नाचणगाव