दिवा विझवणाऱ्या साहेबांस

सर्व्हिस ॲडव्हायझर साहेब,

सप्रेम नमस्कार लिहिण्याइतकं प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार. माझ्या गाडीचा बिघाड सापडला. तुमच्या काचेच्या हॉलपासून लांब, आमच्या सिंदी रेल्वेत, पत्र्याच्या शेडखाली, एका पान्यानं आणि पॉलिश पेपरच्या तुकड्यानं सापडला. तो तुम्हाला का सापडला नाही, हे सांगायला हे पत्र आहे. ते उघड लिहितो आहे, कारण तुमच्या काउंटरसमोर रांगेत बसलेल्या बाकीच्या लोकांनीही ते वाचावं.

माझी तक्रार साधी होती. उन्हात एसी लावून निघालं, की मध्येच स्टिअरिंगचा, एबीएसचा आणि इंजिनाचा दिवा एकदम लागतो आणि चालती गाडी बंद पडते. थोडं थांबून सेल्फ मारला की पुन्हा सुरू होते. तुम्ही मान हलवत ऐकलं आणि जॉब कार्डवर लिहिलं, ‘इंजिन लाइट ऑन. चेक अँड डू नीडफुल.’ बंद पडते, हे तुम्ही लिहिलंच नाही. एसी लावल्यावर, हेही नाही. जॉब कार्डवर जे नाही ते तुमच्या वर्कशॉपसाठी घडलेलंच नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं.

मग एका पोरानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, दोन बटणं दाबली आणि सगळे दिवे गेले. ‘झालं सर.’ काय झालं होतं, साहेब? आपल्या देशात 2013 पासून मोटारींना ओबीडी-2, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची आहे. इंजिनाचा दिवा लागतो तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर नुसता कोड लिहून थांबत नाही, त्या क्षणाची नोंदही ठेवतो. वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, कूलंट किती तापलेलं, इंजिनावर लोड किती, आणि बऱ्याच गाड्यांत व्होल्टेजसुद्धा. ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात तिला. कोड पुसले की तीही जाते. चोरी झालेल्या घरात पोलिसानं पंचनाम्याआधी फरशी पुसून घ्यावी, तसं तुम्ही केलंत आणि त्याला दुरुस्ती म्हणून बिल लावलंत. त्या पोराला मी दोष देत नाही. आधी वाच, लिहून घे, मग पूस, एवढं त्याला शिकवायचं काम तुमचं होतं.

दिवे परत लागले, गाडी परत बंद पडली, मी परत आलो. या वेळी मोबाइलवर मीटरचा फोटो काढून आणला होता. त्यात बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा दिसत होता. तुम्ही तो पाहिलात आणि बॅटरी बदललीत. साहेब, इंजिन थांबलं की अल्टरनेटर फिरायचा थांबतो आणि ऑइलचा पंपही थांबतो. म्हणून किल्ली ऑन असताना बंद पडलेल्या कुठल्याही धडधाकट गाडीत हे दोन दिवे लागतात. ते बंद पडण्याचा परिणाम दाखवतात. कारण शोधायचं, तर गाडी बंद पडण्याच्या आधी कोणते दिवे लागले हे विचारायचं असतं. मी ते न विचारता सांगितलं होतं.

त्यानंतर थ्रॉटल बॉडी साफ झाली. मग गाडीतला पेट्रोल पंप बदलला. प्रत्येक वेळी गाडी संध्याकाळी, एसी बंद ठेवून, तुमच्याच आवारात फिरवून माझ्या ताब्यात दिली गेली. ज्या वेळी ती बंद पडते त्या वेळी, ज्या अवस्थेत पडते त्या अवस्थेत, तुमच्यापैकी एकानंही ती चालवून पाहिली नाही.

आता आमच्या गावातली गोष्ट ऐका. इथला ऑटो-इलेक्ट्रिशियन गाडीला हात लावायच्या आधी म्हणाला, ‘दिवे काहून लागते ते मंग पाहू भाऊ. हे सुरू व्हायच्या पयले गाडीचं कोन्तं काम केलं होतं?’ मी म्हटलं, पुढचा डावा फेंडर ठोकला गेला होता, त्याचं डेंटिंग-पेंटिंग. त्यानं बॉनेट उघडलं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर. गाडी सुरू करून एसी, पंखा, हेडलाइट सगळं लावायला सांगितलं. या दोन जागांमध्ये अर्थिंग नीट असेल, तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. फार तर शून्य दशांश एक व्होल्ट. आमचा मीटर सव्वाच्या वर गेला. त्यानं मायनसची केबल हातानं हलवली, तसा आकडा वरखाली नाचू लागला आणि डॅशबोर्डवर तेच तीन दिवे लागले. स्टिअरिंग, एबीएस, इंजिन.

बॉडीला जिथं ती केबल कसतात, तिथला बोल्ट त्यानं खोलला. केबलच्या रिंगेखाली गाडीच्याच रंगाचा चकचकीत थर होता. फेंडरचं काम करताना केबल सोडली, त्या जागेवरही रंग मारला आणि रिंग त्या रंगावरच कसून टाकली. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा जाईल तेवढ्यावर गाडी चालत होती. थंडाव्यात, एसी नसताना तेवढा पुरायचा. उन्हात एसी आणि रेडिएटरचा पंखा एकदम ओढायला लागले, त्यात एखादा खड्डा आला, की कॉम्प्युटरांना मिळणारं व्होल्टेज कोसळायचं. स्टिअरिंगवाला ओरडायचा, एबीएसवाला ओरडायचा, इंजिनवाला ओरडायचा आणि मग गप्प व्हायचा. तीन दिवे होते, दुखणं एकच होतं. त्यानं लोखंड चमकेपर्यंत घासलं, रिंग घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. मीटर शून्याला टेकला. भर दुपारी एसी लावून आम्ही केळझरपर्यंत जाऊन आलो.

तो फेंडर कुणी रंगवला होता, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्याच वर्कशॉपात. तारीख, काम, कारागीर, सगळं तुमच्या समोरच्या स्क्रीनवर आहे. गाडी पहिल्यांदा बंद पडली ती त्या कामानंतर. दर वेळी माझा नंबर टाकल्यावर ती नोंद तुमच्या डोळ्यांसमोर उघडत होती आणि तुम्ही तिच्यावरून खाली सरकून नवीन पार्टचा भाव काढत होतात.

तुम्ही मला एकदा म्हणालात, ‘परत सुरू होते ना? मग टेन्शन नाही.’ या वाक्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. आमच्या सिंदीला रेल्वे आहे, पण अडीअडचणीला सेवाग्रामचं हॉस्पिटल गाठायचं तर गाडीच लागते. बुटीबोरीकडून वर्ध्याला जाणाऱ्या चौपदरी रस्त्यावर माझी आई शेजारी बसलेली असताना गाडी बंद पडली. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोनदा दाबण्यापुरता उरतो, मग पायाखालचं पेडल लाकडासारखं कडक. मागून भरलेला ट्रक हॉर्न देत येत होता. कडेला जागा होती म्हणून आम्ही वाचलो.

बंद पडणं म्हणजे नुसती गैरसोय, हे म्हणणारे तुम्ही पहिले नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेवर्ले कोबाल्टसारख्या गाड्यांचं इग्निशन स्विच चालताना आपोआप सरकायचं आणि गाडी बंद पडायची. कंपनीतल्या लोकांनी ही तक्रार वर्षानुवर्षं ‘ग्राहकाची सोय’ या खान्यात टाकली, सुरक्षिततेच्या खान्यात नाही. पॉवर गेल्यामुळे धडकेच्या वेळी एअरबॅगही उघडत नव्हत्या, ही सांगड त्यांनी लावली नाही. 2014 साली सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि भरपाईसाठी नेमलेल्या निधीनं 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. त्या गाड्याही बंद पडल्यावर परत सुरू होत होत्या.

मला माहीत आहे, दिवसाला किती गाड्या सोडल्या आणि किती पार्ट विकले यावर तुमचा पगार आणि तुमची झोप अवलंबून आहे. मीटर लावून अर्धा तास उभं राहिलेल्या माणसाचं बिल फुगत नाही. पण माझ्या आईचा जीव त्या हिशेबात धरलेला नव्हता, आणि तुमच्या काउंटरसमोर बसलेल्या कुणाचाच नसतो.

माझ्या मागण्या सांगतो. इथून पुढे कुठल्याही गाडीचे कोड पुसण्याआधी, त्या क्षणाच्या नोंदीसह, त्यांची प्रिंट काढून ग्राहकाच्या हातात द्या. तक्रार ग्राहक ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत जॉब कार्डवर उतरवा. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या प्रत्येक गाडीची अर्थिंग मीटर लावून तपासा आणि तो आकडा बिलावर लिहा. विनाकारण बदललेल्या बॅटरीचे आणि पंपाचे पैसे मला परत करा. नाही केलेत, तर वर्ध्याच्या ग्राहक आयोगात हीच जॉब कार्डं आणि ही बिलं घेऊन मी येईन. आणि माझा जुना पेट्रोल पंप मला आणून द्या. तो चांगला होता, आणि तो माझा आहे.

सिंदी (रेल्वे), ता. सेलू, जि. वर्धा

तुमचा ग्राहक