बंदर भिगवण, तालुका इंदापूर

पुणे जिल्ह्याला समुद्र नाही, असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. पुण्यात बसून वाचलं तर ते खरंही वाटतं. पण सोलापूर रस्त्याला लागावं. हडपसर, यवत, चौफुला, पाटस करत, दर थांब्यावर 'इथला चहा घेतल्याशिवाय पुढे जायचंच नाही' म्हणणारा एक सहप्रवासी सोसावा, आणि शंभरेक किलोमीटरवर भिगवण आलं की पुस्तक मिटावं. रस्त्याच्या कडेला मच्छी थाळीच्या पाट्या, बाजारात माशांचा लिलाव, गावामागे नजर पोचेल तिथवर पाणी, पाण्यावर होड्या आणि होड्यांमागे किंचाळणारे कुरव. डिसेंबरातली सकाळ असेल तर धुक्यात समोरचा करमाळा तालुका दिसतच नाही. आणि पलीकडचा काठ दिसत नाही तो समुद्र, ही व्याख्या कोलंबसालाही चालली असती. तेव्हा इथे मांडायचं आहे ते एवढंच, की इंदापूर हा किनाऱ्यावरचा मुलूख आहे आणि त्याचा हिवाळा बर्फाचा आहे. दोन्ही विधानांवर आक्षेप येणार, हे धरून चाललेलं आहे. भिगवणच्या शेजारीच तक्रारवाडी नावाचं गाव आहे. आक्षेप नोंदवायची सोय तालुक्याने आधीच करून ठेवलेली दिसते.

आधी नकाशा उघडू. इंदापूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघींची गाठ पडते ती तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपुरात, लक्ष्मी-नरसिंहाच्या पायाशी. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूने जमीन असेल तर त्याला द्वीपकल्प म्हणतात, हे चौथीच्या मुलालाही ठाऊक असतं. ही चौथी बाजू बारामती आणि दौंडची. बारामतीकरांना हे समजावून सांगावं लागत नाही; आसपासचा सगळा मुलूख आपल्यालाच जोडलेला आहे, असा त्यांचा समज पूर्वीपासूनचा आहे. यावर पहिला आक्षेप असा, की नदीचं पाणी ते नदीचं, त्याला समुद्र कसं म्हणायचं? उत्तर सरकारी दप्तरात आहे. १९८० साली भीमेवर उजनीचं धरण पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. फुगवटा मात्र मागे सरकत थेट इंदापूर-दौंडच्या अंगणात. त्या जलाशयाचं नाव ठेवलं यशवंतसागर. तळं नाही, सरोवर नाही, सागर. कागदावर नाव लागलं की महाराष्ट्रात निम्मे वाद मिटतात, उरलेले निम्मे तिथूनच सुरू होतात.

त्या उरलेल्यांपैकी एक भरती-ओहोटीचा. समुद्र म्हटला की त्याला भरती-ओहोटी हवी, आणि ती इथे चोख आहे. अरबी समुद्राची भरती चंद्र ठरवतो, उजनीची कालवा सल्लागार समिती. फरक असलाच तर एवढा, की चंद्राकडे कुणी शिष्टमंडळ नेत नाही. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३हून अधिक मृत साठा. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उपयुक्त पातळीखाली उतरलं की 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी येते आणि किनाऱ्यावरचा माणूस शेअर बाजाराचा आकडा वाचावा तशी उणे टक्केवारी वाचतो. शून्याच्या खालीही पाणी असतं, हे गणित जगातल्या थोड्याच किनाऱ्यांना उमगलेलं असेल. द्वारका बुडाल्याची कथा सांगणाऱ्यांनाही इथे उत्तर आहे. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर या पाण्याखाली गेलं. ओहोटी खोल गेली तर एखाद्या उन्हाळ्यात ते बाहेर येतं, आणि धरणात गाव गेलेली माणसं नातवंडांना घेऊन चिखल तुडवत तिथवर जातात. द्वारका पाहायला आख्यान लावावं लागतं. पळसदेवला फक्त पाऊस लांबावा लागतो.

किनाऱ्याची खरी ओळख मात्र पाण्यावर होत नाही, ती सकाळच्या कामावर होते. कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या काठावर उजाडताना होड्या टेकतात. जाळं चिखलावर ओढलं जातं आणि त्याच्याभोवती उकिडवं बसून मासे सोडवणं सुरू होतं. बरेचसे चिलापी. चिलापीच्या पाठीवरचा पंख काटेरी असतो. नवख्या बोटातून तो रक्त काढतो. सराईत हात तिला डोक्याकडून धरतो, अंगठा शेपटीकडे फिरवून काटे निजवतो आणि झटक्यात तिला जाळ्याबाहेर काढतो. हे चालू असताना गप्पा पंचायतीच्या, उसाच्या बिलाच्या आणि कुणाच्या तरी लग्नाच्या. इथे कोकणी माणूस नाक मुरडतो: गोड्या पाण्यातला मासा, त्याला चिखलाचा वास, त्याला काय मासा म्हणायचं? मुद्दा चवीचा आहे, भूगोलाचा नाही. शिवाय चिलापी मूळची आफ्रिकेची. तिला खाऱ्या-गोड्याचा सोवळेपणा नाही. पाणी मिळालं की ती संसार थाटते, आणि अंडी तोंडात धरून जपते, म्हणजे पोटापाण्यासाठी तोंड उघडण्याआधीही तिला विचार करावा लागतो. आणि पाणी खरं असल्याचा एक पुरावा असा आहे की त्यापुढे थट्टा थांबते. २१ मे २०२४ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. एवढ्या पाण्याला तळं म्हणून हिणवणाऱ्याने त्या काठावर घटकाभर उभं राहावं.

आता बर्फाकडे वळू, कारण तक्रारवाडीत दुसरी रांग याच खिडकीवर लागणार. इंदापुरात बर्फ पडतो कुठे? खरं तर पडतो, पण काळा. साखर कारखान्याच्या आसपास गळीत हंगामात दोरीवर वाळत टाकलेलं धोतर संध्याकाळी पाहावं. चिमणीतून उतरलेली राख त्यावर अलगद, हिमालयातल्या शांततेने, बसलेली असते. पांढरा हवा असेल तर तो पोत्यात भरलेला, कारखान्याच्या गोदामात थरावर थर रचलेला. थंडीचं म्हणाल, तर पारा दहा अंशांकडे झुकला की या भागातला गडी आत बंडी, वर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी आणि माकडटोपीवर मफलर असा सैबेरियाला निघाल्यागत सजतो, आणि पायांत मात्र चप्पल. त्याची थंडी कमरेच्या वरून सुरू होते. पण हा पुरावा हसण्यावारी नेता येईल. खरा पुरावा आकाशातून येतो. लडाख, तिबेट, मंगोलिया इथल्या उंच तळ्यांवर वाढणारा पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा राखी हंस, हिमालय ओलांडून थंडीत भारतात उतरतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडताना त्याची नोंद झालेली आहे. एवढा खटाटोप तो गारठा सोसवत नाही म्हणून करत नाही. त्याच्या अंगावर पिसांची दुलई असते. तिकडची तळी गोठतात, गवत बर्फाखाली जातं आणि खायला उरत नाही, म्हणून तो निघतो. म्हणजे उजनीच्या काठावर पट्टकादंब चरताना दिसला, की हजारो किलोमीटरवर बर्फ पडल्याची ती पोचपावती समजावी. पत्र इथे येतं, पोस्ट ऑफिस तिकडे आहे, एवढंच.

यावर जाणकार पक्षिमित्राचा आक्षेप सर्वांत नेमका आहे आणि तो मान्य करणं भाग आहे. भिगवणला गर्दी खेचतो तो पट्टकादंब नव्हे, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी त्याला 'सैबेरियाहून आलेला पाहुणा' ठरवून मोकळा होतो. लांबून आलेला कुठलाही पक्षी सैबेरियाचा, हा आपला जुना रिवाज. जसा पुण्याबाहेरचा कुणीही 'गावाकडचा'. रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. तिथे बर्फ नाही, मीठ आहे. दुरून दोन्ही सारखंच दिसतं, पण वादात ही पळवाट काढू नये. रोहित बर्फाचा साक्षीदार नाही, असंच लिहून द्यावं. तो साक्षीदार आहे तो पहिल्या विधानाचा, किनाऱ्याचा. त्याला उथळ पाणी आणि उघडी दलदल लागते. चोच उलटी धरून, चिखल पायांनी ढवळून तो त्यातलं बारीकसारीक गाळून खातो आणि त्याच खाण्यातून त्याला गुलाबी रंग चढतो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्याला उभं राहायलाच जागा नसते. कालव्याला आवर्तन सुटून पाणी ओसरलं की मग त्याचं पान मांडलं जातं. म्हणजे रोहिताचं वेळापत्रकही शेवटी त्या सल्लागार समितीच्याच हाती. बर्फाच्या साक्षीला पट्टकादंबाबरोबर तपकिरी डोक्याचा कुरव उभा राहतो. मध्य आशियाच्या पठारी तळ्यांवर वाढलेला हा पक्षी थंडीत समुद्रकिनाऱ्यावर राहतो आणि उजनीवरही राहतो. दोन्हींत फरक आहे, असं त्याने आजवर दाखवलेलं नाही. आणि कपाळी पांढरा टिळा लावलेला काळा पाणपक्षी पोहताना दिसला तर त्याचं नाव विचारावं. मराठीत त्याला वारकरी म्हणतात. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून बेलवडीचं रिंगण करत इंदापुरात येते. थंडीत त्याच नावाचे हे दुसरे वारकरी पाण्यावर फड धरतात.

पण पक्ष्यांपाशी थांबलं तर प्रवासवर्णन होतं, गाव कळत नाही. याच हंगामात या मुलखात आणखी एक थवा उतरतो, त्याचे फोटो कुणी काढत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. मोजायचं माप 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. माणसं दोन, हिशेबात एक. धरणाच्या मृत साठ्यासारखंच हे गणित, अर्धी बेरीज पाण्याखाली. पहाटेच्या थंडीत, माकडटोपीवाला गडी अजून शेकोटी सोडायला तयार नसताना, दवाने भिजलेल्या पाचटात यांचं तोडणं सुरू झालेलं असतं. सकाळी बायका वाढ्याच्या पेंढ्या विकायला बसलेल्या दिसतात. इथे आक्षेप असा येईल, की पक्ष्यांची आणि कष्टकरी माणसांची तुलना शोभत नाही. सुखाची तुलना नाहीच ती. पक्ष्याने मुकादमाकडून उचल घेतलेली नसते. तुलना आहे ती कारणाची. पट्टकादंबाकडचं पाणी गोठलं आणि बीडकडचं आटलं. दोघांना पाणी जिथे उरलं तिथे यावं लागलं. जिथे पाणी अडून राहिलं तिथला हिवाळा पाहुण्यांचा, आणि जिथून ते गेलं तिथला निरोपांचा. बर्फाळ किनाऱ्यावरच्या गावांत तरी वेगळं काय घडतं? सगळं गाव शेगडीच्या उबेला एका खोलीत येतं. इथे ती खोली पाण्याची आहे आणि तिला भिंती नाहीत.

आणि खोली म्हटली की जागेवरून कुरबूर आलीच. पट्टकादंब रात्री हरभऱ्यात उतरला तर शेतकरी त्याच्या सात हजार मीटरांचं कौतुक करत बसत नाही. माशावर झडप घालणारा कैकर आणि जाळं टाकणारा मच्छीमार एकाच माशाकडे पाहत असतात. पहाटे जाळं ओढणाराच आठ वाजता होडीत पर्यटक बसवून 'साहेब, हलू नका' म्हणत रोहित दाखवायला निघतो, आणि त्याच्या घरी तव्यावर भाकरी पडते ती त्याच पाहुण्यांसाठी. बारामतीहून सुट्टीच्या दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर गाडी हाकत लोक सहकुटुंब येतात, पक्षी अर्धा तास पाहतात आणि मासे दीड तास. त्यांना नावं ठेवू नयेत. पक्ष्यांचा मान बारामतीत जुना आहे: मोरोपंत कऱ्हेकाठी याच गावात राहिले, १७९४ साली तिथेच गेले, आणि देवाची आळवणी करणाऱ्या आपल्या काव्याला त्यांनी नाव दिलं ते मोराच्या केकेवरून, 'केकावली'. पंतांचा मोर मात्र स्थलांतर करणारा नव्हे. तो बारामतीकर, आहे तिथूनच ओरडणारा.

उन्हं तापू लागली की ही वस्ती पांगते. आधी पट्टकादंब उत्तरेला जातात; त्यांच्याकडचा बर्फ वितळलेला असतो. कारखान्याचा पट्टा पडतो, कोप्या मोडतात, आणि भांडी, गोधड्या, शेळी, पोरं ट्रॉलीत घालून टोळ्या बीडच्या वाटेला लागतात. त्यांच्याकडे वितळायला काही नसतं. पाणी आणखी मागे हटतं. रोहित त्याच्या मागोमाग आत सरकत जातात आणि एक दिवस तेही उठतात. काठावर उरतात भेगाळलेला गाळ, उपड्या घातलेल्या होड्या आणि जागा न सोडणारी चिलापी. टक्केवारी शून्याखाली उतरते, आणि ती पुरेशी उतरली तर पळसनाथाचं शिखर पाण्याबाहेर येतं. मग त्याच होड्या पुन्हा सुलट्या करून लोक आपलं जुनं गाव पाहायला निघतात.