पाकिटावरील श्वानमहाराजांस अनावृत पत्र

श्रीमंत पाकिटनिवासी गोल्डन रिट्रीव्हर महाराज यांचे सेवेशी,
सा. न. वि. वि.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानात दहा किलोच्या पिशवीवर आपलं दर्शन झालं. काय ते तेज! केस शाम्पूच्या जाहिरातीतले, दात टूथपेस्टच्या. पाठीमागे बर्फाचे डोंगर आणि डोंगरावर एक लांडगा. आपले मूळपुरुष असावेत. आमच्याकडे बर्फ म्हणजे निफाडचा पारा घसरला की द्राक्षाच्या पानांवर गोठतं ते दव. तेवढ्यानेच आमचा बंड्या पायपुसण्याखाली शिरतो. त्याचे मूळपुरुष पंचवटीतले. त्यामुळे दुकानदाराने "ब्रीड कोणतं?" विचारलं आणि मी "गावठी" म्हटलं, तेव्हा त्याने काही न बोलता सगळ्यात खालच्या फळीकडे बोट दाखवलं. आपण वरच्या फळीवरून हसतच होता.

रागावणार नसाल तर एक विनंती आहे, महाराज. जरा पाठ फिरवा.

पुढून आपल्या पायाशी भाजलेली अख्खी कोंबडी आहे, गाजरं आहेत, मूठभर ब्लूबेरी आहेत. पाठीवर मात्र भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत वेगळीच वंशावळ छापली आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची पद्धत, म्हणून चिकनचं नाव पहिलं यावं यासाठी केवढा खटाटोप! ताजं चिकन वजनात धरायचं. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच. दाणे तयार होताना ते पाणी उडून जातं, नाव मात्र पहिल्या ओळीत राहतं. मग तांदूळ, तांदळाची कणी आणि तांदळाचा कोंडा हे तिघे सख्खे भाऊ वेगवेगळ्या शिधापत्रिका काढून रांगेत उभे. एकेकटे चिकनच्या मागे. एका चुलीवर मोजले तर घर त्यांचंच. आणि जिथे पुढे नुसतं 'चिकन फ्लेवर' लिहिलंय, तिथे कोंबडी बहुधा कारखान्याच्या दारावरून फक्त चालत गेली असावी. अमेरिकेत 'विथ चिकन' म्हणायला निदान ३ टक्के चिकन लागतं. 'फ्लेवर' म्हणायला चव ओळखू आली की भागतं.

आपण म्हणाल, सरकार काय करतंय? सरकारने काम चोख केलंय. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'अन्न' कशाला म्हणायचं ते लिहिलंय आणि पशुखाद्य त्यातून स्पष्ट वगळलंय. म्हणजे आमच्या मिसळीची तर्री अन्न, आणि आपल्या पोटातला माल कायद्याने अन्नच नाही. भारतीय मानक ब्यूरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे. तो आकडा आपल्या पाठीवर शोधत होतो, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "साहेब, तिकडे काय बघताय? फोटोत बघा ना, केस कसे चमकतायत!"

प्रथिनांच्या आकड्यावर तरी विसंबावं, तर तीही थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. २००७ साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन निघालं. प्रथिन शून्य, नायट्रोजन भरपूर; चाचणीने पैकीच्या पैकी गुण दिले होते. उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, सहा कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं परत मागवावी लागली. त्यांच्यावरही आपलेच भाऊबंद हसत असणार.

बंड्याचे डॉक्टर स्पष्टवक्ते आहेत. त्यांनी आधी तो लांडगा उतरवला. कुत्रा माणसाच्या उंबऱ्याशी राहून पिष्ट पचवायला शिकला, त्याच्या जनुकांतच ते दिसतं, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तेव्हा भात हा त्याचा वैरी नव्हे. उलट 'धान्यविरहित' म्हणून वाटाणे-मसूर ठासून भरलेल्या महागड्या खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली तपासायला घेतलं. डॉक्टर म्हणाले, खाद्य 'संपूर्ण आणि संतुलित' आहे का आणि कोणत्या वयासाठी, ते बघा. पाणी वजा जाता मोठ्या कुत्र्याला निदान १८ टक्के प्रथिनं हवीत, पिल्लाला साडेबावीस. ते 'पाणी वजा जाता' महत्त्वाचं. ओल्या पाऊचवर ८ टक्के वाचून मी नाक मुरडणार होतो. पण त्यात ८० टक्के पाणी, म्हणजे हिशेबाने ते ४० झाले.

तरी सगळं पाप आपल्या माथी मारणार नाही. फक्त त्या ब्लूबेरीचं तेवढं बोलू. आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्या पाहिल्या आणि फेब्रुवारीत दिंडोरीहून आलेल्या पेटीतली काळी द्राक्षं मुठीत घेऊन ती बंड्याकडे निघाली. पाकिटावर आहे म्हणजे चालतं, हा त्यांचा बिनतोड युक्तिवाद. ब्लूबेरी चालते, महाराज. द्राक्ष चालत नाही, बेदाणाही नाही. कुत्र्याचं मूत्रपिंड एक-दोन दिवसांत बसू शकतं, आणि किती द्राक्षांपर्यंत धोका नाही हे कुणी सांगू शकत नाही. संशय टार्टारिक आम्लावर आहे, म्हणजे चिंचेची आमटीही गेली. उरला लासलगावचा कांदा. तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा असो, परतलेला असो, की काळ्या रश्शाच्या वाटणात भाजून वाटलेला. लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, तोवर रश्शात कुस्करलेली भाकरी कुणाच्या ध्यानातही नसते. जिल्ह्याने ज्या दोन पिकांवर नाव कमावलं ती दोन्ही बंड्याला विष, आणि हे छापायला आपल्या एवढ्या थोरल्या पाठीवर जागा नाही!

शेजारच्या काकूंना हे सांगितलं. "अहो, त्याला काय होतंय! आमच्या गावी मोत्या सगळं खायचा." काकू माळकरी. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, तो वसा त्यांनी उचललाय. फरक इतकाच की नामदेव एकदा धावले, काकू दोन्ही वेळा येतात. आणि आमचा बंड्या पळत नाही, बसल्या जागी तोंड उघडतो. त्याचं स्वादुपिंड सुजेल म्हटलं तर त्यांनी मलाच दोन चमचे वाढले.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बंड्याचा धनी

ता. क. : आपल्या शेजारीच एका उघड्या पिंपात तेच दाणे सुटे विकायला होते, किलोमागे स्वस्त. वर ना फोटो, ना लांडगा. वास खवट येत होता म्हणून विचारलं, "याची तारीख काय?" दुकानदार म्हणाला, "तारीख पिशवीवर होती, साहेब. पिशवी टाकून दिली."