तांदूळ की वाटाणा

जालन्यात उष्णतेवर बोलायचा अधिकार सगळ्यांना आहे. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये रात्रंदिवस भंगार वितळत असतं. दीड हजार अंशांच्या पुढे गेलेला तो रस साच्यात ओततात, त्याच्या सळया होतात आणि ट्रकांनी बाहेरगावी जातात. ज्यांचा मिलशी संबंध नाही, त्यांना मे महिना पुरतो. अशा गावात ‘माझं ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर जातंय’ ही तक्रार घेऊन कुणाकडे जावं? आमचे काका रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्र्याऐंशी? मग त्याला गरम कामून म्हणायलास?”

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. ऐन लगीनसराई मे महिन्यात, आणि पारा ४२-४३ वर जायचाही तोच महिना. मुहूर्त काढणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डाची पत्रिका कधी पाहिलेली नाही. माझं कार्ड जीटीएक्स १०६०. जुलै २०१६ मध्ये ते बाजारात आलं आणि पुढे बरीच वर्षं गेम खेळणाऱ्यांचं सगळ्यात लाडकं कार्ड होतं. माझ्याकडे आलं ते सेकंडहँड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं मायनिंगची पद्धतच मोडीत काढली आणि त्यावर राबणारी ढीगभर कार्डं बेकार होऊन स्वस्तात विकायला निघाली, त्यांतलंच हे एक. विकणारा म्हणाला होता, “साहेब, पोरगं संध्याकाळी तासभर गेम खेळायचं, बस.” सेकंडहँड बाजारातलं प्रत्येक कार्ड संध्याकाळी तासभरच चाललेलं असतं, जशी प्रत्येक जुनी गाडी एका डॉक्टरनं दवाखान्यापुरतीच वापरलेली असते.

या कार्डाचा स्वभाव असा, की ८३ ला पोचलं तरी ते बंद पडत नाही, कुरकुरतही नाही. गपचूप चाल कमी करतं. (९४ ही त्याची शेवटची हद्द, तिथवर जायची वेळ ते सहसा येऊ देत नाही.) मग टाइमलाइनवर नवरदेव हार घालायला हात वर करतो आणि तसाच थांबतो. मामालोकांनी उचललेली नवरी अधांतरी राहते. एकही इफेक्ट लावलेला नसताना अख्खं लग्न स्लो मोशनमध्ये लागतं. आणि तिकडून वधूपित्याचा फोन येतो, “कॅसेट झाली का?”

“पाणी मारा त्याच्यावर,” काकांचा पहिला सल्ला. हे ते गमतीनं म्हणत नव्हते. टीएमटी सळईचा सगळा जीव पाण्यात आहे. रोलमधून लालभडक सळई बाहेर पडते, तिच्यावर जोरात पाणी मारतात. वरचं साल एकदम थंड होऊन कडक होतं, पोट मात्र तापलेलंच असतं. पुढे कूलिंग बेडवर सळई पडली, की पोटातली उष्णता बाहेर येऊन तेच साल पुन्हा थोडं नरमावते. म्हणून सळई वाकते, पण तुटत नाही. काका हे सांगायला लागले की हातात सळई असल्यासारखे वाकून दाखवतात आणि मग कमरेला हात लावून सरळ होतात. पाण्यानं कार्ड गार करायची सोय जगात आहे, हे मी कबूल केलं. “पण काका, आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?” यावर ते गप्प बसले. जालन्यात या प्रश्नानं कुठलीही चर्चा संपवता येते.

खरी भानगड पाण्याची नव्हतीच. चिप आणि तिच्यावर बसणारा हीटसिंकचा तांब्याचा तळ, दोन्ही दिसायला आरशासारखे गुळगुळीत. पण बारकाईनं पाहिलं तर दोन्हींवर खड्डे असतात आणि खड्ड्यांत हवा. उष्णता वाहून न्यायच्या कामात हवेइतकं आळशी काही नाही. त्या हवेला हुसकून तिच्या जागी बसायचं, एवढंच थर्मल पेस्टचं काम. ती हवेच्या शेकडो पट बरी, आणि तांब्याच्या मात्र कितीतरी पट वाईट. म्हणून ती हवी, पण पातळ हवी. वर्षानुवर्षं तापून-निवून तिच्यातलं तेल कडेला सरकतं आणि मध्ये राहते ती नुसती पावडर.

पेस्ट गावात मिळाली. एलईडी बल्ब दुरुस्त करणारे वापरतात ती पांढरी डबीतली पुढे आली होती. ती मागे सारून मी करड्या रंगाची चार ग्रॅमची नळी घेतली. मग मेमरीवर लावायचे थर्मल पॅड मागितले. दुकानदारानं आधी माऊसपॅड काढला. “तसला नाही, तापतं तिथं लावायचा,” म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला आणि समोरच्या मेडिकलकडे बोट केलं. शेवटी पॅड कुरियरनं मागवले. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आणलं. बाटलीवरचं लेबल आईनं चष्मा लावून वाचलं, आणि गळ्यातल्या माळेला हात लावून एवढंच म्हणाली, “राजूरच्या गणपतीला जायचंय मला चतुर्थीला. देव्हाऱ्यापासून लांब ठेव.”

रविवारी दुपारी जेवायच्या टेबलावर कार्ड उघडलं. मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरके-तिरके, अर्धा-अर्धा फेरा ढिले केले. हीटसिंक लगेच सुटत नाही. किंचित डावीउजवीकडे फिरवला की ‘कट्’ असा आवाज येतो आणि पोटात धस्स होतं. पंख्याची नाजूक वायर आधी काढली. आत चिपच्या मधोमध पेस्टचा पापुद्रा वाळून तडकला होता, कडेनं तिचाच करडा कडक बांध. मेमरीवरचे पॅड तेल सोडून चिकट झाले होते, त्यातल्या एकावर बोट टेकलं तर त्याचा भुगा झाला. संध्याकाळी तासभर गेम खेळणाऱ्या त्या पोराची मला फार काळजी वाटली.

आता पॅडची जाडी. हा खेळ मिलिमीटरच्या भागांचा आहे. अर्धा, एक, दीड, दोन असे पॅड मिळतात. पातळ घातला तर मेमरीला टेकत नाही. जाड घातला तर हीटसिंकच उचलला जातो, मेमरी गार राहते आणि मुख्य चिप भाजून निघते. काकांनी मिलमधला व्हर्नियर आणला. आठ, बारा, सोळाच्या सळया मोजण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या जबड्यात तो लिबलिबीत तुकडा धरताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी मधला दबलेला भाग पुढे केला. “तो कामून मोजायलास? तो दबलाय की,” ते म्हणाले आणि चिपच्या बाहेर आलेली, न दबलेली कड मोजली. बरोबर एक. आयुष्यात कार्ड पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसानं इथं मला शिकवलं, हे लिहून ठेवतो, कारण ते स्वतः गल्लीभर सांगणारच आहेत.

तेवढ्यात शेजारचे बियाणेवाले शेठ आले. पेस्ट किती लावायची, यावर जगात दोन पंथ आहेत: तांदळाच्या दाण्याएवढी आणि वाटाण्याएवढी. बाकीच्या गावांत हे माप चालून जात असेल. पण १९६४ मध्ये ज्या बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली आणि ज्यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, त्यांच्या जालन्यात दाणा हे मोघम माप नाही. “कोणता तांदूळ?” शेठजींनी विचारलं. “आंबेमोहोर की बासमती?” मी म्हणालो, “साधारण.” “साधारण नावाचं वाण नाही, भाऊ. आणि वाटाणा ओला की वाळलेला? फरक पडतो ना.” काकांचं मत वाटाण्याकडे, कारण माल कमी पडता कामा नये. शेठजी तांदळाकडे, कारण माल वाया जाता कामा नये. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “टेबल मोकळं होईल एवढी लावा.”

झाकणाखालच्या प्रोसेसरला मधोमध ठिपका चालतो. ग्राफिक्स कार्डाची चिप उघडीच असते, तिचा एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथंच चटका बसतो. म्हणून मी सगळीकडे पातळ पसरवली. त्यामुळे दोन्ही पंथ नाराज झाले. पॅडवरची प्लास्टिकची फिल्म दोन्ही बाजूंनी सोलली, स्क्रू पुन्हा तिरके आवळले, कार्ड जागेवर बसवलं.

एका लग्नाची वरात एक्सपोर्टला लावली. आकडा ७२ वर जाऊन बसला, हललाच नाही. काकांनी मॉनिटरसमोर खुर्ची ओढून भट्टीचा मीटर बघावा तसं लक्ष ठेवलं. कार्ड पूर्ण जोरात १२० वॅट खातं आणि तेवढी सगळी उष्णता शेवटी खोलीतच सोडतं; पेस्ट बदलली म्हणून ती कुठे जात नाही. उलट आता चाल कमी होत नसल्यानं कार्ड जोमानं फुंकत होतं. आई बाजूच्या खाटेवरून म्हणाली, “थंड करायला घेतलं होतंस ना रे? मग हे कूलरकडं तोंड करून गरम हवा कामून सोडायलंय?”

पोळ्या टेबलावर आल्या. नळीत पेस्ट अर्धी उरलेली पाहून शेठजींनी दुकानातला इन्व्हर्टर फार तापतो असं सांगितलं आणि काकांनी, कोणी विचारलेलं नसताना, स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.