जूनबाबा

जूनबाबा हा मराठी मध्यमवर्गीय बापाचा हंगामी प्रकार आहे. वर्षातले साडेअकरा महिने तो इतर बापांत मिसळून गेलेला असतो. मृग लागला, म्हणजे ७ जूनच्या आसपास, की तो कात्री मागतो. कात्री घरात कुठे असते हे त्याला माहीत नसते, आणि तो ओळखू येतो तो यावरूनच. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे हंगाम जेमतेम आठवड्याचा. विदर्भात ऊन उतरण्याची वाट पाहत शाळा महिनाअखेरीस सुरू होतात. तिकडचा जूनबाबा जास्त दिवस टिकतो आणि घरच्यांना तितकाच जास्त सोसावा लागतो.

हंगामाची सुरुवात यादीने होते. शाळेने पाठवलेली यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असते, पण त्या ग्रुपवर आई असते. त्यामुळे जूनबाबा आपली यादी आठवणीतून करतो. तिच्यात कंपासपेटी, शाईची बाटली आणि टिपकागद असतो. दौत आणि टाक तेवढा राहून जातो. ही यादी घेऊन पुण्याचा जूनबाबा अप्पा बळवंत चौकात जातो. जवळच्या दुकानात सगळे मिळते, पण तिथे डझनाचा भाव मिळत नाही. दुकानापुढे तीन पदरी गर्दी असते. तिच्यात उभ्याउभ्या तो मुलीला सांगतो की हा चौक ज्यांच्या नावाचा, त्या अप्पांचे वडील बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेत पडले. तेवढ्यात काउंटरवरचा माणूस विचारतो, "कितवी?"

"तिसरी."

"चौथी," मुलगी म्हणते.

"तेच. आता चौथी."

एकेरी, दुरेघी, चौरेघी आणि चौकटीची, अशा चारही प्रकारच्या वह्या तो डझनाच्या भावाने घेतो. चौथीत दुरेघी वही लागत नाही हे घरी आल्यावर कळते. ती पुढे धुण्याच्या हिशेबाला जाते.

रेनकोट आणि बूट वाढत्या अंगाचे घेतात. पहिल्या वर्षी रेनकोट घोट्यापर्यंत येतो, दुसऱ्या वर्षी बरोबर बसतो, आणि त्याच वर्षी हरवतो. बुटात अंगठ्यापुढे एक बोट जागा सोडायचा नियम आहे. बोट बापाचे धरतात.

जूनबाबाचे खरे कार्यक्षेत्र म्हणजे कव्हर. शाळा अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची असेल तर आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके फुकट आणि पहिल्याच दिवशी शाळेत मिळतात. चांगलीच सोय, पण जूनबाबाचा त्यामुळे विरस होतो, कारण आधीच्या रविवारी हाताशी फक्त वह्याच राहतात. तो लहान असताना वरच्या वर्गातल्या मुलाकडून पुस्तकांचा जुना संच निम्म्या किमतीत घ्यायची पद्धत होती, आणि त्यात पेन्सिलीने लिहिलेली उत्तरे आयती मिळत. हे तो दर जूनला एकदा सांगतो. २०२३ साली दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग झाले आणि धड्यांना जोडून वहीची कोरी पाने आली, तेव्हा वह्या कमी होणार म्हणून तो हळहळला होता. २०२५ मध्ये कोऱ्या पानांचा तो निर्णय मागे घेतला गेला. शिक्षण खात्याचा जूनबाबाला पटलेला निर्णय तो एवढाच.

कव्हर घालण्याचा विधी असा. आधी पंखा बंद होतो. मग जमिनीवर खाकी कागदाची गुंडाळी उलगडून तिच्या चार कोपऱ्यांवर पोळपाट, खलबत्ता, डाळीचा डबा आणि मुलगी अशी वजने ठेवली जातात. कागदाची गुळगुळीत बाजू बाहेर. वही मधोमध ठेवायची, चारी बाजूंना चार बोटे कागद सोडायचा, पाठीच्या कण्याशी वर आणि खाली तिरक्या चिरा द्यायच्या, ती जीभ आत मुडपायची आणि मग कोपरे दुमडायचे. चिकटपट्टी वापरायची नाही. चिकटपट्टी आणि स्टेपलर हे त्याच्या मते मुळातच कव्हर न येणाऱ्यांचे उद्योग आहेत, आणि दुकानात मिळणारी तयार प्लॅस्टिकची कव्हरे तर संस्कृतीचा ऱ्हास. पहिल्या तीन वह्या तो "बघून शिक" म्हणत स्वतः करतो. चौथी मुलीकडे देतो, तिने पहिली घडी घालताच परत घेतो आणि ती धरून उरलेल्या एकवीसही स्वतःच करतो. मुलगी डाळीच्या डब्याशेजारी बसून राहते. मराठीला लाल, गणिताला निळे आणि परिसर अभ्यासाला हिरवे कव्हर हवे असल्याची सूचना ग्रुपवर आल्याचे आई सांगते, ते साधारण एकोणिसाव्या वहीला.

मग लेबले. मुलीने छोटा भीमची लेबले निवडलेली असतात. जूनबाबा सात बारीक रेघांची पांढरी लेबले आणतो. अक्षर हा त्याचा कुळाचार आहे. शाळेत सुंदर हस्ताक्षरासाठी मिळालेले उत्तेजनार्थ बक्षीस वर्षातून एकदा इथे वसूल होते. नाव, वडिलांचे नाव (हे जरा ठळक), आडनाव, इयत्ता. पुढच्या रकान्यावर पेन थांबते. तुकडी. तो आतल्या खोलीकडे पाहतो, मुलीकडे पाहतो, आणि "शाई वाळू दे" असे म्हणत चोवीस वह्यांवर तो रकाना रिकामा सोडतो. तुकडी यंदा बदलली आहे आणि जिवलग मैत्रीण 'अ'मध्येच राहिली आहे, या गोष्टीवरून मुलगी चार दिवस धड जेवत नाही. हे प्रकरण आईकडे असते.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे असा दंडक आहे. जूनबाबाला तो तोंडपाठ असतो. मुलगी वजनकाट्यावर एकदा रिकामी आणि एकदा दप्तरासकट उभी राहते. अठ्ठावीस किलोच्या मुलीच्या पाठीवर साडेचार किलो भरतात. हवेत दोन किलो आठशे. चित्रकलेची वही निघते, डबा निघतो आणि परत जातो, पाण्याची बाटली अर्धी होते. वजन तीन किलोवर येताच जूनबाबा समाधानाने त्यात शब्दकोश ठेवतो, कारण तो असलेला बरा.

झोपेची शिस्त शेवटच्या तीन दिवसांत लागते. सहाचा गजर तो लावतो आणि बंद आई करते. सुटीतल्या रोज एका पानाच्या शुद्धलेखनाची पंचेचाळीस पाने १३ तारखेला सापडतात. ती कोणी लिहिली यावर घरात बोलले जात नाही, पण शेवटच्या तीस पानांचे वळण फार सुंदर असते.

शाळेच्या पहिल्या दिवशी तो अर्धी रजा काढतो, फाटकाशी फोटो काढतो आणि मुलगी आत जाईपर्यंत 'चौथी ब' अशा पाटीखालच्या रांगेकडे टक लावून पाहतो. संध्याकाळी चोवीस लेबलांवर 'ब' भरला जातो. त्याच वेळी शाळेतून आलेली नवी पुस्तके जमिनीवर मांडली जातात आणि पंखा पुन्हा बंद होतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिले कव्हर फाटते. मुलगी ते घेऊन येते, तेव्हा वर्तमानपत्राआडून "आईला सांग" असे उत्तर येते. उरलेला खाकी कागद फडताळात अंथरतात.